साठीनंतरचा लाल शेरा

मध्य प्रदेश सरकारने २०१८ साली आपल्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६२ केलं. त्यामागची कारणं काय असतील ती असोत. धार-देवासकडच्या मराठी माणसाला त्याचा खरा लाभ माझ्या मते एवढाच झाला, की ‘हे चुकलंय, पुन्हा करून आणा’ हे वाक्य त्याला आणखी दोन वर्षं ऐकायला मिळालं. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ हाती पडलं की ते वाक्य त्याच्या आयुष्यातून कायमचं उठतं. त्यानंतर तो जे बोलेल ते अनुभवाचे बोल ठरतात, जे गाईल ते गोड ठरतं आणि जे रंगवील त्यावर ‘आबा, काय सुंदर काढलंय हो!’ असा एकमुखी निकाल लागतो. सून म्हणते, जावई म्हणतो, शेजारचे शर्माजी तर ‘वाह साहब’ म्हणत चहालाच बसतात. चित्रात मांडूचा जहाज महाल असतो. तो दोन तलावांच्या मधोमध उभा असल्याचं इतिहास सांगतो. चित्रात तो तरंगतोय की बुडतोय हे कुणालाच ठरवता येत नाही. पण वडीलधाऱ्या माणसाला असलं काही विचारायची आपल्यात पद्धत नाही.

उतारवयात कलेची पदवी घ्यावी का आणि पुढे चित्रांचं प्रदर्शन भरवावं का, हा प्रश्न लोक हौसेचा समजतात, वेळ घालवण्याचा समजतात, फार तर गुडघ्यांचा समजतात. मला तो शेऱ्याचा वाटतो. निवृत्त माणसाकडे पेन्शन असते, म्हणजे रंगांची सोय असते. दुपार असते, म्हणजे वेळ असतो. पाच मिनिटांपुरतं का होईना, पण स्थिर बसणारं नातवंडही मिळतं. मिळत नाही तो फक्त ‘हा हात खांद्यातून निघालेला नाही, बरगडीतून निघालाय’ असं सांगणारा माणूस. तो न मिळण्याचं कारण दुष्टावा नाही, आदर आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर घरगुती इलाज नाही. बायकोला खरं बोलण्याचा अधिकार असतो, पण तिचा आक्षेप चित्रावर नसून फरशीवर सांडलेल्या टर्पेंटाइनवर असतो. हौशी क्लासात जावं, तर क्लासवाल्याचं पोट आपल्या फीवर. तो आपल्या हातातला ब्रश हळूच काढून घेतो, नाक स्वतः सुधारतो आणि खाली सही मात्र आपल्याला करू देतो. उरतं ते महाविद्यालय. तिथं गुण देणं आणि कापणं हे कुणाचं तरी पगारी काम असतं. पहिल्या वर्षी वस्तुचित्रण: एक मडकं, एक बाटली, मागे चुण्या पाडून टांगलेलं कापड. ज्या बाईंनी तीस वर्षं शाळा चालवली आणि जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यालाही दारात उभं ठेवलं, त्यांना आता त्या मडक्याचा काठ समोरून लंबगोल का दिसतो हे बसून शिकायचं. मडकं कुणाची ज्येष्ठता मानत नाही. त्या चार वर्षांत मला सर्वांत मौल्यवान वाटतं ते हेच.

आता धारच्या माणसाने तरी या गोष्टीला हरकत घेऊ नये. धार ही भोजाची नगरी, आणि अकराव्या शतकातल्या या राजाच्या नावावर जे ग्रंथ आहेत त्यांत ‘सरस्वतीकंठाभरण’ हा काव्यशास्त्रावरचा एक मोठा ग्रंथ आहे. त्याची सुरुवात कशाने होते? दोषांनी. पदाचे १६ दोष, वाक्याचे १६, वाक्यार्थाचे १६. म्हणजे कवितेने अजून डोकंही वर काढलेलं नाही तोवर राजेसाहेबांनी ४८ दोष मोजून ठेवले आहेत. त्याच प्रकरणात पुढे गुणही आहेत, आणि काही दोष विशिष्ट प्रसंगी गुण कसे ठरतात याचाही विचार आहे. आमचे हौशी कलावंत ग्रंथ उघडतील तर नेमकं तेच पान आधी शोधतील, ही गोष्ट वेगळी. पण या भोजाला धारमध्ये ओळखतो कोण? लोकांच्या मनात आहे तो दुसराच भोज. एक श्लोक म्हटला की लाख मोहरा, एकेका अक्षराला लाख, असा सढळ हाताचा राजा. तो भोज मुख्यतः बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’तला, आणि तो ग्रंथ राजा गेल्यावर जवळजवळ पाच शतकांनी लिहिलेला, त्यात कालिदासालाही भोजाच्या दरबारात आणून बसवलं आहे, म्हणजे हिशेबाची शिस्त किती असेल ते समजावं. दोष मोजणारा खरा राजा आम्ही विसरलो आणि मोहरा उधळणारा गोष्टीतला राजा ध्यानात ठेवला. हल्ली मोहरांची जागा ‘अप्रतिम!’ने घेतली आहे. तेवढाच खजिन्यावरचा भार कमी.

देवासची गोष्ट आणखी मजेची. तिथं पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन महाराज, दोन दरबार, दोन कारभार. कलावंताला याहून सोयीची राज्यव्यवस्था जगात झाली नसेल. एका दरबारात दाद नाही मिळाली, तर रस्ता ओलांडायचा. आणि खरं बोलणारा मिळाला तर तो कसा? इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने देवासला राहिला. दरबारात त्याने जे पाहिलं ते पत्रांतून घरी कळवलं आणि ते पुस्तकरूपाने ‘द हिल ऑफ देवी’ म्हणून छापून आलं १९५३ साली. तोवर महाराज निवर्तले होते, संस्थान विलीन झालं होतं, पात्याही इतिहासजमा झाल्या होत्या. देवासला मोकळा अभिप्राय मिळायला ३२ वर्षं लागली, आणि तोही समुद्रापलीकडून आला. आजच्या देवासमध्ये मात्र खोट शोधण्याची कला अगदी परिपूर्ण अवस्थेत नांदते आहे, फक्त ती चित्रांच्या हॉलमध्ये नाही, १९७४ साली सुरू झालेल्या बँक नोट प्रेसमध्ये आहे. तिथली उठावाची छपाई ज्या इन्टॅग्लिओ पद्धतीने होते, तीच पद्धत कलामहाविद्यालयात मुद्राचित्रणाच्या विभागात शिकवतात. गांधीजींच्या चष्म्याची दांडी केसभर सरकली तर तो कागद बाजूला काढून नष्ट करतात. कुणी ‘या वयात एवढं तरी छापलं’ म्हणून तो चलनात सोडत नाही. त्याच गावात, जिथं गांधीजींचे दोन्ही कान एकाच बाजूला आले आहेत, त्या चित्राला मात्र चौकट होते, त्याचा सत्कार होतो आणि वर्तमानपत्रात फोटो येतो.

हे सत्काराचं प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. आमच्या मुलखात प्रदर्शन भरतं ते बहुधा गणेशोत्सव, कोजागिरी आणि लग्नांचे साखरपुडे ज्या हॉलमध्ये होतात तिथंच. दीपप्रज्वलन होतं. प्रमुख पाहुणे, जे चित्रं भाषणानंतर पाहणार असतात, कलावंताच्या वयावर वीस मिनिटं बोलतात. सगळा भर त्या वयावरच: या वयात ही जिद्द, या वयात ही नजर, या वयात हा उत्साह. चित्रांच्या वाट्याला एखादं वाक्यही येत नाही, आणि ते आलं नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मग पोहे-जिलबी, आणि दाराशी ठेवलेली अभिप्राय वही. ती वही म्हणजे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. ‘खूप छान’, ‘अतिसुंदर, आगे बढ़ो’, ‘काकूंचा अभिमान वाटतो’, मध्येच कुणा लहानग्याने काढलेली मोटार, आणि शेवटच्या पानावर कॅटरिंगवाल्याचा फोन नंबर. त्या सबंध वहीत चित्राकडे नीट पाहिल्याचा एकमेव पुरावा म्हणजे ती मोटार. कारण तिच्या चाकांचा रंग भिंतीवरच्या सूर्यास्तातून उचललेला असतो. मला या लोकांच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही. पण ज्याच्यासाठी तो खर्ची पडतो, त्या माणसाला उद्या सकाळी पुन्हा कॅनव्हाससमोर उभं राहायचं असतं, आणि कालच्या पंधरा चित्रांतलं कोणतं फसलं याची त्याला सुतराम कल्पना नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. उतारवयात नावाजलेले कलावंत कुठं पदवीधर होते? रवींद्रनाथांनी साठी उलटल्यावर चित्रं काढली, अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेसचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ऐंशीव्या वर्षी झालं, आणि लांब कशाला, आपल्याच राज्यातल्या उमरिया जिल्ह्यातल्या लोढा गावच्या जोधईया बाई बैगा यांनी सत्तरीच्या आसपास ब्रश हाती धरला आणि २०२३ साली पद्मश्री मिळवली. उदाहरणं बिनतोड आहेत. मात्र ती माझ्या बाजूची आहेत. रवींद्रनाथांची चित्रकला सुरू झाली ती कवितेच्या हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून. खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यातून आकार उभे राहिले. म्हणजे चित्रकार होण्याआधी या माणसाने स्वतःच्या ओळींवर काट मारलेली होती. आमच्याकडे साठीनंतर खाडाखोड करतो कोण? आणि चित्रांचं पहिलं प्रदर्शन त्यांनी कुठं भरवलं? १९३० साली पॅरिसला. कलकत्त्याची पाळी त्यानंतर. गुरुदेवांच्या चित्रापुढे शांतिनिकेतनात उभं राहून ‘हे जमलं नाही’ म्हणायला कोण धजणार होतं? पॅरिसच्या माणसाला पायाला हात लावायची सवय नव्हती, हा त्या शहराचा मोठाच गुण. ग्रँडमा मोझेसची हकिकत तर आणखी बोलकी. गावच्या जत्रेत त्यांनी आपली चित्रं मांडली आणि शेजारी मुरंबेही मांडले. बक्षीस मिळालं ते मुरंब्यांना. आमच्याकडच्या आनंदमेळ्यात परीक्षकांनी असं केलं असतं तर त्या घराण्याशी तीन पिढ्यांचं वैर झालं असतं. आजीबाईंनी मात्र निकाल घेतला आणि काढत राहिल्या. जोधईया बाईंनाही आयतं काही मिळालं नाही. शांतिनिकेतनात शिकलेल्या आशिष स्वामींनी गावात कलेची जागा उभारली होती, तिथं त्या वयात जाऊन त्या शिकल्या. पदवी नव्हती हे खरं. शिकवणारा होता, हे त्याहून खरं.

धारचं म्हणाल तर तिथं याहून घरचं उदाहरण आहे. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके वसईला १८८४ साली जन्मले आणि चाळिशी ओलांडल्यावर धारला येऊन स्थिरावले. त्यांचा स्टुडिओ ही आजही धारची ओळख आहे. त्यांच्या नावापुढे कलेची पदवी नव्हती, हा मुद्दा धारमध्ये पदवीविरुद्ध फार आनंदाने मांडला जातो. पण फडके करत काय होते? व्यक्तिशिल्पं. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा त्यांचा, आणि तो उभा राहिला तेव्हा टिळकांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं मुंबईत हजारांनी होती. व्यक्तिशिल्प करणाऱ्याइतकी कडक परीक्षा विद्यापीठातही होत नाही. ज्याचा पुतळा त्याचे सगळे नातेवाईक परीक्षक असतात, आणि कपाळ दादांचं वाटत नाही, मिशी अशी नव्हती, हे सांगायला कुणी मानधन मागत नाही. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या चेहऱ्याला जबाबदार राहिला, त्याला पदवीची गरज नसेल हे मी एका पायावर कबूल करतो. सूर्यास्त काढणाऱ्याला ही सवलत देता येत नाही, कारण सूर्याचे नातेवाईक तक्रार करायला येत नाहीत.

देवासमध्ये कलेवरचा कोणताही वाद शेवटी कुमार गंधर्वांपाशी येतो, तसा हाही येणार. क्षयाने आजारी कुमार १९४८ साली तिथं आले, पुढची काही वर्षं गाणं बंद, अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानांवर, आणि मग जे गाणं उमललं ते साऱ्या देशाने ऐकलं. यावरून निवृत्त माणूस असा निष्कर्ष काढतो की घरी पडून राहिलं की प्रतिभा आपोआप येते. तो एवढंच विसरतो, की देवासला पोचण्याआधी कुमारांनी मुंबईत बी. आर. देवधरांसारख्या चोखंदळ गुरूपाशी लहानपणापासून तालीम घेतली होती. ऐकायचं कसं हे शिकलेल्या माणसाने अंथरुणावरून ऐकलं. आपण अंथरुणावरून बहुतेक मालिका ऐकतो.

बाकीचे आक्षेप किरकोळ आहेत. म्हातारे शिरले तर तरुणांच्या जागा जातील, असं म्हणतात. पण कलेच्या प्रवेशासाठी दारात झुंबड उडाली आहे आणि त्यात आजोबा पोरांना कोपरानं मागे ढकलतायत, असं दृश्य माळव्यात तरी अजून दिसलेलं नाही. आमच्याकडे अजूनही मुलाने ‘मला चित्रकलेला जायचंय’ म्हटलं की घरात आधी शांतता पसरते आणि मग इंदूरच्या कोचिंग क्लासची चौकशी सुरू होते. त्याच इंदूरमध्ये १९२७ साली देवळालीकर मास्तरांनी कलाशाळा काढली आणि तिथून बेंद्रे, हुसेन निघाले, हे घरातल्या कुणालाही आठवत नाही. वर्गात एखादे निवृत्त तहसीलदार बसलेले दिसले, तर निदान त्या मुलाच्या बापाला धीर येईल. गुडघ्यांचं म्हणाल, तर व्यक्तिचित्रणाला ज्या लाकडी डाँकीवर पाय दोन्हीकडे टाकून बसतात तिच्याऐवजी खुर्ची मागता येते. ज्याने पस्तीस वर्षं सरकारी खुर्चीवर बसून काढली त्याला ती कशी मागावी हे शिकवायला नको. आणि ‘या वयात अपमान कशाला?’ हा प्रश्न असेल, तर प्रिन्स्टनच्या इतिहासाच्या नामवंत प्राध्यापक नेल पेंटर यांच्याकडे पाहावं. निवृत्त झाल्यावर, चौसष्टीत, त्या कलेच्या पदवीवर्गात जाऊन बसल्या, पुढे पदव्युत्तर पदवीही घेतली. अमेरिकेचा इतिहास ज्यांच्या पुस्तकांतून शिकवतात, त्या बाईंना एका शिक्षकाने तोंडावर सांगितलं की तुम्ही कधी कलावंत होणार नाही. त्यांनी ते मनाला लावून घेतलं, भांडल्या, तरी वर्ग सोडला नाही. या साऱ्यावर २०१८ साली पुस्तक लिहिलं, आणि चित्रं आजही मांडतात. शिक्षक चुकला असेल, पण त्याने पुस्तकाच्या विक्रीकडे न बघता चित्राकडे बघितलं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. इतकी वर्षं मिळालेल्या मानसन्मानांनी जे केलं नव्हतं ते त्याच्या एका वाक्याने केलं. त्याने बाईंना पुन्हा विद्यार्थी केलं.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला सहजी झटकता येत नाही. महाविद्यालय तरी कुठल्या चंद्रावर आहे? तिथला अठ्ठावीस वर्षांचा व्याख्याता इथलाच. समोर विद्यार्थी म्हणून बसलेले गृहस्थ त्याच्या वडिलांचे साहेब होते, किंवा बसलेल्या बाईंनी त्याला तिसरीत पाढे पाठ नाहीत म्हणून उभं केलं होतं. तो काय शेरा मारणार? तो आधी उठून खुर्ची देईल, मग ‘सर, आप तो हमसे बेहतर जानते हैं’ म्हणेल आणि पहिल्या वर्गाचे गुण मांडून मोकळा होईल. आदराचा आजार वर्गातही पोचेल, फक्त त्याला आता विद्यापीठाचा शिक्का असेल. म्हणून माझी अट अशी, की साठीच्या पुढच्या विद्यार्थ्याचं काम नावावाचून, नुसत्या बैठक क्रमांकावर, दूर जावं. ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमरांच्या नावाचं संगीत आणि कलेचं विद्यापीठ आहेच. तिथल्या परीक्षकाला धारचे कुळकर्णी कोण आणि देवासचे शिंदे कोण, हे कळायचं कारण नाही. त्याने मडक्याचा काठ बघावा आणि गुण कापावेत. रवींद्रनाथांना पॅरिस परवडलं, आपल्याला ग्वाल्हेर पुरे. या पद्धतीने चार वर्षं काढली तर आणखी एक फायदा होईल, जो प्रदर्शनांना नियमाने बोलावल्या जाणाऱ्या लोकांनी मनात जपून ठेवावा: पंधरा चित्रांतली अकरा फसली हे कलावंताला स्वतःलाच दिसू लागेल आणि प्रदर्शन निम्म्या वेळात पाहून होईल.

प्रदर्शनापुरती तर याहून सोपी वाट आहे. धारच्या कलावंताने आपली चित्रं देवासला मांडावीत आणि देवासच्याने धारला. दोन्हीकडच्या गाद्या पवारांच्याच, तेव्हा पाहुणचारात कमी पडणार नाही. पण मध्ये इंदूर आहे, बस बदलावी लागते, आणि नुसतं ‘खूप छान’ लिहायला एवढा प्रवास घरचं माणूस करत नाही. जे येतील ते परके असतील, बाहेर ऊन आहे म्हणून आत आलेले असतील, आणि सावलीत आलेल्या माणसाला खोटं बोलायचं काही कारण नसतं. अडचण एकच: माळव्यातले मराठी लोक मोजके, त्यामुळे देवासला गेलेल्या धारकऱ्याला तिथं कुणाची तरी मावससासू भेटणारच. ती दारातच ‘तू रे कुणाचा?’ असं विचारील. उत्तर देण्याआधी तिला चित्रांपुढून एक फेरी मारून आणावी.